पाकिटावरचे चित्र हटले, माणसाचे काय?

किराणा मालाच्या दुकानात ग्राहक वस्तू पारखून घेतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो पाकिटाचा रंग, त्यावरील नाव आणि त्यावरचा चेहरा ओळखून हात पुढे करतो. अक्षरओळख नसलेला माणूसही ‘त्या बाईच्या चित्राची पुडी द्या’ असे सांगून हवा तो माल घेऊन जातो. चित्राची ही ताकद व्यापाऱ्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच हेरली होती. मात्र चित्रात कोणाला कोणत्या भूमिकेत उभे करायचे हे ठरवणारा, आणि ज्याला उभे केले जाते तो, हे दोघे सहसा एका पंगतीचे नसतात. २०२० मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हीच विषमता होती.

हा वाद दूरदेशीचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. हळद आणि बेदाण्याच्या व्यापारावर पोसलेल्या सांगली-मिरज-कुपवाड परिसरातील शेतमाल आज पोत्याबरोबरच छापील पाकिटातूनही बाहेर जातो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये, तर हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन आले की नाममुद्रा येते, नाममुद्रा आली की पाकीट येते आणि पाकिटाबरोबर ‘त्यावर चित्र कोणाचे?’ हा प्रश्नही येतोच. म्हणूनच अमेरिकेत काय घडले, तेथे कोणी कशाला आक्षेप घेतला आणि चित्र हटल्यानंतर काय उरले, हे समजून घेणे येथील लहान उद्योजकालाही उपयोगाचे आहे.

वादाचे मूळ

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाला आणि अमेरिकाभर निदर्शने उसळली. पोलिसी अत्याचारापासून सुरू झालेली चर्चा पाहता पाहता पुतळे, क्रीडासंघांची नावे आणि स्वयंपाकघरातील डबे यांपर्यंत पोहोचली. १७ जून २०२० रोजी क्वेकर ओट्स कंपनीने ‘आंट जेमायमा’ हे नाव व त्यावरील कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र मागे घेण्याची घोषणा केली. धिरड्यासारख्या पॅनकेकचे तयार पीठ आणि त्यावर ओतण्याचा पाक यांसाठी हे नाव अमेरिकेच्या घराघरांत परिचित होते.

या नावाचा जन्म १८८९ सालचा. मिसुरी राज्यातील सेंट जोसेफ येथील एका पीठगिरणीच्या मालकांनी ते उचलले मिन्स्ट्रेल खेळांतील एका लोकप्रिय गाण्यातून. तोंडाला काजळी फासून गुलामांची नक्कल करायची आणि प्रेक्षकांना हसवायचे, असे या खेळांचे स्वरूप असे. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम पाव शतक लोटले होते. डोक्याला फडके बांधलेली, स्थूल, सदा हसतमुख आणि मालकाच्या मुलांना प्रेमाने खाऊ घालणारी दासी हे त्या काळच्या गोऱ्या मध्यमवर्गाचे लाडके स्वप्न होते. आपण अन्याय केला नाही, उलट ती आपल्या घरी सुखातच होती, असा दिलासा ते चित्र रोज न्याहारीच्या वेळी देत असे.

या काल्पनिक दासीला हाडामांसाचे रूप दिले नॅन्सी ग्रीन यांनी. केंटकी राज्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या या बाईंना गिरणीच्या नव्या मालकाने जाहिरातीसाठी नेमले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्या पॅनकेक भाजत आणि जुन्या मळ्यांवरच्या ‘सुखी’ दिवसांच्या गोष्टी सांगत. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण गाजले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच शहरात, त्याच वर्षी, एका स्त्रीला स्वतःच्या गुलामगिरीचे गोड रूप विकण्याचे काम मिळाले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

नात्याचा शब्द, नोकराची जागा

‘आंट’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘अंकल’ म्हणजे काका. मग यात अपमान कोणता, असे मराठी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या माणसाला ‘मिस्टर’ आणि ‘मिसेस’ म्हणून आडनावाने संबोधण्याची रीत होती. वयाने कितीही ज्येष्ठ असला तरी कृष्णवर्णीयाला हा मान द्यायचा नाही, म्हणून ‘अंकल’ आणि ‘आंट’ हे शब्द योजले गेले. वरवर आपुलकी, आत मात्र आडनाव नाकारण्याची सोय. ‘अंकल बेन्स’ या तांदळाच्या नावाबाबतही हाच आक्षेप होता. शिकागोतील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थाच्या चेहऱ्यावरून ते चित्र तयार झाले होते. २००७ मध्ये जाहिरातींतून या ‘अंकल’ला कंपनीच्या अध्यक्षपदी बसवून पाहण्यात आले, पण नाव तेच राहिल्याने टीका थांबली नाही. अखेर मार्स कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये ‘बेन्स ओरिजिनल’ हे नवे नाव जाहीर केले आणि चित्र काढून टाकले.

हा आक्षेप समजण्यासाठी आपल्याला समुद्र ओलांडण्याची गरज नाही. घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई ‘मावशी’ असतात, शाळेतील शिपाई ‘मामा’ असतात. या संबोधनात खरी माया असू शकते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण दहा-दहा वर्षे घरी येणाऱ्या या मावशींचे आडनाव आपल्याला सांगता येते का, त्यांचा चहाचा कप आपल्या कपांबरोबर ठेवला जातो का, हे प्रश्न स्वतःला विचारून पाहावेत. नात्याचा शब्द दरी बुजवतो तसाच कधी कधी ती झाकतोही.

शिवाय वेष्टनावरच्या नोकराच्या जागी कधी काळी आपणही होतो. ‘कॅम्प कॉफी’ या स्कॉटलंडच्या जुन्या कॉफी-अर्काच्या बाटलीवर तंबूपुढे आरामात बसलेला गोरा लष्करी अधिकारी आणि त्याच्यापुढे तबक धरून उभा असलेला शीख सेवक असे चित्र कित्येक दशके छापले जात होते. आक्षेप येऊ लागल्यावर आधी सेवकाच्या हातातील तबक गेले. तो मात्र उभाच राहिला. पुढे २००६ च्या सुमारास दोघेही शेजारी बसून कॉफी पीत असल्याचे चित्र आले. एका शिखाला बाटलीवर बसायला जागा मिळण्यासाठी साम्राज्य मावळून अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

हटवण्यालाही विरोध

चित्रे मागे घेण्याचे सर्वांनी स्वागत केले, असे मात्र घडले नाही. ‘इतक्या वर्षांत कोणाला खटकले नाही, आताच कसे?’ असे विचारणारे अनेक होते. हा युक्तिवाद फारसा टिकणारा नाही. खटकत होतेच, ज्यांना खटकत होते त्यांचे म्हणणे बाजारापर्यंत पोहोचत नव्हते. आंट जेमायमाच्या डोक्यावरचे फडके १९६८ मध्ये पट्टीत बदलले गेले आणि १९८९ मध्ये पट्टी जाऊन कानांत मोत्यांची कर्णफुले आली, ती टीका होत होती म्हणूनच.

अधिक गंभीर विरोध आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. नॅन्सी ग्रीन यांच्यानंतर ज्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी जेमायमाची भूमिका केली, त्यांच्यापैकी काहींच्या वंशजांनी २०२० मध्ये सांगितले की, चित्र पुसून आमच्या आजी-पणजीचे कष्टही पुसू नका. ज्या काळात कृष्णवर्णीय स्त्रीला दुसऱ्याच्या घरच्या कामापलीकडे फारसे काही मिळत नसे, त्या काळात त्यांनी गावोगाव फिरून नाव कमावले आणि संसार उभे केले. यांपैकी ॲना शॉर्ट हॅरिंग्टन यांच्या वारसांनी २०१४ मध्ये मोबदल्यासाठी न्यायालयात दावाही लावला होता. तो फेटाळला गेला. म्हणजे चित्र असताना पैशात वाटा नाही आणि चित्र गेल्यावर आठवणीतही जागा नाही, अशी ही तक्रार होती.

‘लँड ओ’लेक्स’ या लोण्याच्या पाकिटावरून २०२० मध्येच एका मूलनिवासी तरुणीचे चित्र गेले आणि मागे तळे व झाडे तेवढी उरली. मूलनिवासींची भूमी ठेवली आणि मूलनिवासी तेवढा हटवला, अशी बोचरी टिप्पणी त्यावर झाली. १९५० च्या दशकात त्या चित्राला नवे रूप देणारे पॅट्रिक देजारले हे स्वतः ओजिब्वे जमातीचे चित्रकार होते. वडिलांचे काम केवळ साचेबंद प्रतिमा म्हणून निकालात काढणे त्यांच्या मुलाला पटले नव्हते.

या साऱ्या वादातील सर्वांत बोलकी गोष्ट नॅन्सी ग्रीन यांच्या कबरीची आहे. १९२३ मध्ये शिकागोत मोटारीच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ओक वुड्स दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले, पण कबरीवर नावाचा दगडही नव्हता. त्यांच्या चेहऱ्याच्या जोरावर पीठ विकले जात राहिले, कंपनी १९२६ मध्ये क्वेकर ओट्सकडे आणि २००१ मध्ये पेप्सिकोकडे गेली. कबर मात्र ९७ वर्षे बेवारस राहिली. एका स्थानिक इतिहास संस्थेच्या प्रयत्नांतून सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे चित्र हटवण्याच्या घोषणेनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, तेथे शिळा बसली. २०२१ मध्ये उत्पादनाला मूळ गिरणीचे ‘पर्ल मिलिंग कंपनी’ हे नाव देण्यात आले. पाकिटावर गिरणी परत आली. बाईंचे नाव दगडावर आले.

आपल्याकडचा रंग

महाराष्ट्राला हा विषय परका नसावा, याला एक ऐतिहासिक कारण आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले, तेव्हा ते अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच अमेरिकेतून घेतले. वर्ण आणि जात यांचे नाते मराठी विचारविश्वाने फार आधी ओळखले होते.

तरीही २०२० च्या वादाची झळ आपल्याकडे प्रथम लागली ती खाद्यपदार्थाला नव्हे, तर चेहऱ्याला लावायच्या मलमाला. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘फेअर अँड लव्हली’तील गोरेपणाचा शब्द वगळण्याची घोषणा मुंबईस्थित हिंदुस्थान युनिलिव्हरने जून २०२० मध्ये केली आणि जुलैमध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ हे नाव जाहीर झाले. सावळ्याकडून गोऱ्याकडे जाणारे दोन चेहरे आणि रंगछटांची पट्टी ही चिन्हे आदल्या वर्षीच वेष्टनावरून गेली होती. त्यामागे केवळ अमेरिकेतील आंदोलन नव्हते. काळ्या रंगाच्या तिरस्काराविरुद्ध चेन्नईतून २००९ मध्ये सुरू झालेली मोहीम आणि त्याही आधीपासूनचा महिला संघटनांचा विरोध होता.

केवळ नाव बदलल्याने अर्थ बदलतो का? आशियात खपणाऱ्या ‘डार्की’ या दंतमंजनाचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. १९८९ मध्ये त्याचे इंग्रजी नाव ‘डार्ली’ झाले. पण चिनी लिपीतील ‘काळ्या माणसाचे दंतमंजन’ हे नाव पुढे तीन दशके तसेच राहिले. परदेशी टीकाकाराला दिसणारी बाजू बदलली, घरच्या गिऱ्हाइकाला दिसणारी बदलली नाही. आपल्याकडेही ‘गोरेपणा’ऐवजी ‘तेज’ आणि ‘उजळपणा’ हे शब्द आले. वधू-वर सूचक जाहिरातींतील अपेक्षा मात्र अजून पुरत्या बदललेल्या नाहीत.

बिडी, मसाला आणि अस्मिता

वेष्टनावरील नावावरून महाराष्ट्रात गाजलेला अलीकडचा खरा वाद ‘संभाजी बिडी’चा. छत्रपती संभाजी महाराजांचे नाव बिडीच्या बंडलावर असणे हा अवमान आहे, अशी भूमिका घेऊन शिवप्रेमी संघटनांनी २०२० मध्ये आंदोलन केले. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीने नाव बदलण्याची तयारी दाखवली आणि २०२१ मध्ये बिडी ‘साबळे’ या नावाने बाजारात आली. येथे प्रश्न वंशाचा नव्हता, आदराचा होता. पण दोन्हींत साम्य असे की, कायद्याच्या सक्तीपेक्षा लोकमताच्या दबावाने बदल घडला. फरकही ध्यानात घ्यावा. राजाच्या अवमानाविरुद्ध हजारो लोक सहज उभे राहतात. सेवकाच्या अवमानाविरुद्ध उभे राहायला बहुधा सेवकाच्या नातवंडांनाच यावे लागते.

मग मसाल्यांच्या पाकिटांवरील जातिनामांचे काय? ‘ब्राह्मणी गोडा मसाला’, ‘सीकेपी मसाला’, ‘आगरी-कोळी मसाला’ ही नावे आपण सहज वाचतो. प्रत्येक समाजाची पाककृती वेगळी आहे आणि नावातून तिची ओळख टिकते, हा युक्तिवाद रास्त आहे. आगरी-कोळी स्त्रिया स्वतः कुटलेला मसाला स्वतःच्या नावाने विकतात, तेव्हा त्यात अभिमान असतो आणि मिळकतही त्यांच्याच हाती येते. पण एखादे जातिनाम जेव्हा शुद्धतेची खूण म्हणून छापले जाते, तेव्हा उरलेल्यांच्या हाताला न लिहिलेली अशुद्धता आपोआप चिकटते. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. ते अन्न पाककृतींच्या प्रतिष्ठित पुस्तकांत जसे दिसत नाही, तसेच दुकानाच्या फळीवरही दिसत नाही. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाकिटावरच्या जातिनामांची अशी चर्चा अजून झालेली नाही.

कायदा कुठवर जातो?

बोधचिन्ह कायदा, १९५० अन्वये छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी आदींची नावे व चित्रे व्यापारासाठी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा धार्मिक भावना दुखावणाऱ्या तसेच अश्लील वा निंद्य चिन्हांची नोंदणी नाकारतो. वंश, वर्ण किंवा जात यांवरून हिणवणाऱ्या चित्राचा मात्र त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. अन्नसुरक्षेचे नियम घटकपदार्थ, वजन, मुदत आणि शाकाहारी-मांसाहारी खूण पाहतात. चित्रातील माणूस उभा आहे की बसलेला, हे पाहत नाहीत. म्हणजे ही जबाबदारी उत्पादकाच्या विवेकावर आणि ग्राहकाच्या जागरूकतेवरच येते.

‘एवढ्याशा चित्राने काय होते?’ या प्रश्नाला मात्र सरकारनेच उत्तर देऊन ठेवले आहे. २०१६ पासून तंबाखूजन्य पदार्थांच्या वेष्टनाचा ८५ टक्के दर्शनी भाग इशाऱ्याच्या चित्राने व मजकुराने व्यापणे सक्तीचे झाले. चित्राचा मनावर परिणाम होतो, हे गृहीत धरूनच हा नियम झाला आहे. जे भीतीबाबत खरे, ते तुच्छतेबाबत खोटे कसे ठरेल?

उद्योजकापुढील हिशेब

कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीतील लहान उद्योजकाला हा प्रश्न खर्चाचाही असतो. लवचीक पाकिटे मोठ्या संख्येने छापायची तर ग्रॅव्हूर पद्धत वापरतात. तिच्यात प्रत्येक रंगासाठी वेगळे कोरलेले सिलिंडर लागते. चित्र बदलले की सिलिंडर नवे, छापून ठेवलेले रोल वाया आणि जुन्या खुणेवर विसंबलेला ग्राहक बिथरण्याची भीती वेगळीच. मोठ्या कंपनीने आठ-नऊ महिने घेऊन जे केले, ते लहान कारखान्याला एका रात्रीत जमणार नाही. म्हणूनच हा विचार पहिले सिलिंडर कोरण्याआधी झालेला बरा.

त्यासाठी तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. चित्रातील माणूस कोणत्या कामात दाखवला आहे? ते चित्र ठरवताना त्या समाजातील कोणाला विचारले होते का? आणि त्या चेहऱ्याच्या जोरावर येणाऱ्या पैशात त्याचा वाटा किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलणे सोपे असते, कारण ते चित्रकाराच्या हाती असते. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी कारखान्याच्या हिशेबवहीला हात घालावा लागतो. अमेरिकन कंपन्यांवर झालेली टीका याच मुद्द्यावर होती: त्यांनी पहिला प्रश्न सोडवला आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नांपाशी त्या अडखळल्या. मार्स कंपनीने नाव बदलताना, जेथे हा तांदूळ तयार होतो त्या मिसिसिपीतील ग्रीनव्हिल शहरासाठी निधी जाहीर केला, तो या दिशेने टाकलेले एक पाऊल म्हणता येईल.

जुने चित्र मागे घेताना ते का छापले होते आणि का काढले, हे दोन ओळींत सांगण्यास कोणतीच अडचण नसते. तसे न केल्यास पुढच्या पिढीला अपमानही कळत नाही आणि त्या चेहऱ्यामागचे कष्टही. शिकागोतील शिळा पाकिटावर बसवता येणार नाही हे खरे. पण पाकिटाच्या मागच्या बाजूला तेवढी जागा नक्कीच असते.

हळदीच्या पाकिटावर बहुधा उजळ वर्णाची, दागिन्यांनी मढलेली नववधू असते. हळद काढणाऱ्या, शिजवून वाळवणाऱ्या आणि बेदाणा निवडायला दिवसभर बसणाऱ्या स्त्रिया सांगली जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांचा रंग उन्हाने रापलेला असतो आणि बोटे हळदीने पिवळी झालेली असतात. त्यांचे चित्र छापायचे ठरले, तर आधी त्यांना विचारावे, त्यांचे नाव आडनावासह लिहावे आणि त्याचा मोबदला ठरवून द्यावा. चित्र छापायचे नसेल तरी हरकत नाही. पण मग मजुरीच्या दराची चर्चा निघते, तेव्हा तरी त्यांना खुर्चीवर बसवून बोलावे.